उजव्या हाताला ब्रह्मगिरी, डाव्या हाताला गाव



आजच्या चिंतनासाठी गीतेच्या तिसऱ्या अध्यायातला सोळावा श्लोक घेतलाय. भगवंत इथे एका चक्राबद्दल बोलतात. चौदाव्या श्लोकात त्यांनी साखळी सांगितलीये: प्राणी अन्नापासून, अन्न पावसापासून, पाऊस यज्ञापासून, यज्ञ कर्मापासून. आणि सोळाव्यात ते म्हणतात, की असं फिरतं ठेवलेलं हे चक्र जो माणूस पुढे फिरवत नाही, नुसता इंद्रियांच्या सुखात रमतो, त्याचं जगणं वाया गेलं. शब्द कडक आहेत. एरवी समजावून सांगणारे भगवंत इथे एकदम स्पष्ट बोलतात.

हा श्लोक श्रावणातच घ्यायचा असं मी ठरवलं होतं, कारण श्रावणात त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीची फेरी असते. ती फेरी म्हणजे शब्दशः एक चक्रच. कुशावर्तावर स्नान करायचं, त्र्यंबकराजाला नमस्कार करायचा, निघायचं, साधारण २० किलोमीटर चालून डोंगराला वळसा घालायचा आणि परत त्र्यंबकमध्येच यायचं. ज्यांना आणखी जमतं ते हरिहर गडालाही आत घेतात, ती मोठी फेरी साधारण ४० किलोमीटरची. तिसऱ्या सोमवारी तर लाखो माणसं चालतात. रविवारी संध्याकाळीच गर्दी सुरू होते, आणि रात्रभर पावसात "बम बम भोले" चालू असतं.

ऑफिसमधला एक मित्र मला दरवर्षी एकच प्रश्न विचारतो. ट्रेकला जाणारा मुलगा आहे, सह्याद्रीतले पुष्कळ किल्ले त्याने केलेत. तो म्हणतो, "किल्ला चढलास तर वर पोचतोस. तुम्ही लोक वीस किलोमीटर चालता आणि जिथून निघालात तिथेच परत येता. मग मिळालं काय?"

चेष्टेत विचारलेला असला तरी प्रश्न खरा आहे, आणि तो फक्त फेरीपुरता नाही. रोजची पूजा, रोजचं नामस्मरण, दर एकादशी, दर श्रावण, सगळं गोलच तर आहे. आपल्या कोडमध्ये एखादा लूप फिरतोय आणि एकाही व्हेरिएबलची किंमत बदलत नाहीये, तर आपण त्याला बग म्हणतो. मग आपली भक्ती बग आहे का? लूप कामाचा असेल तर प्रत्येक फेरीत काहीतरी बदलायला हवं. आपल्या फेरीत काय बदलतं?

शिखर आणि वळसा

आधी प्रदक्षिणा म्हणजे काय ते नीट बघू. प्रदक्षिणेत देव आपल्या उजव्या हाताला ठेवायचा, एवढा एकच मुख्य नियम. वर चढायचं नाही, हात लावायचा नाही, जिंकायचं तर नाहीच नाही. ब्रह्मगिरी सुमारे १३०० मीटर उंच आहे, पायऱ्या आहेत, वर जाता येतं, आणि लोक श्रद्धेने जातातही. पण फेरी करणारा माणूस शिखर मध्ये ठेवतो आणि स्वतः कडेने चालतो. निदान तेवढा वेळ तरी मी मधोमध नसतो. दिवसभर 'माझं करियर, माझा फ्लॅट, माझी साधना' यातच फिरणाऱ्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट वाटते तेवढी सोपी नाही.

दुसरं म्हणजे, डोंगर दर वळणाला वेगळा दिसतो. त्र्यंबक गावातून बघितलं तर काळ्या कातळाची सरळ भिंत उभी असते. प्रयागतीर्थ, पेगलवाडी करत पहिन्याकडे आलात की अंजनेरीही नजरेत येते, ढग खाली उतरलेले असतात, आणि कड्यांवरून इतके धबधबे सुटलेले असतात की मोजायचा नाद सोडून द्यावा लागतो. मागच्या बाजूला गेलं की तोच डोंगर भाताच्या हिरव्या खाचरांच्या मागे शांत बसलेला दिसतो. एकाच ठिकाणी उभं राहून 'मला ब्रह्मगिरी कळला' असं कुणालाच म्हणता येत नाही. देवाबद्दलही हेच आहे असं मला वाटतं. आपल्या खिडकीतून दिसतो तेवढाच देव असं आपण धरून चालतो. चालायला लागलं की ती समजूत हळूहळू सुटते.

हे सगळं छान आहे. पण आजचा माझा प्रश्न याच्या पुढचा आहे. देव उजव्या हाताला, हे ठीक. मग डाव्या हाताला काय असतं?

डावी बाजू

डाव्या हाताला गावं असतात. पेगलवाडी, पहिने, धाडोशी, भिलमाळ, सापगाव, आणि मधले पाडे. बहुतेक वस्ती आदिवासी, त्यात महादेव कोळी आणि ठाकर बरेच. श्रावणात भाताची लावणी झालेली असते, उतारावर नागली आणि वरई असते. घरासमोर प्लास्टिकचा कागद बांधून कुणी चहा विकत असतं, कुणी मक्याची कणसं भाजत असतं, कुणी गावठी काकड्या मांडून बसलेलं असतं. कुठे पोरं उभी राहून नुसतीच "भोले!" म्हणून ओरडतात.

आपल्यासाठी ही गावं म्हणजे खुणा. "पहिने आलं, म्हणजे अजून बरंच बाकी आहे." "सापगाव गेलं, आता गणपतबारी चढलं की झालंच." मॅपवर पिन असावी तशी आपण ती वापरतो. पण तिथे राहणाऱ्या माणसासाठी ती खूण नाही, घर आहे. त्याच्या अंगणातून एका रात्रीत लाखभर माणसं जातात. ती पुण्य घेऊन जातात आणि मागे पाण्याच्या बाटल्या, द्रोण, रेनकोटच्या फाटक्या पिशव्या ठेवून जातात. सकाळी त्या खाचरात वाहून आलेल्या असतात.

तेव्हा प्रश्न असा: माझ्या पुण्याची वाट ज्याच्या दारातून जाते, तो माणूस माझा कोण? माझ्या साधनेचं ते नुसतं नेपथ्य आहे, की त्याचं माझ्याकडे काही येणं आहे?

पाण्यावरून सुरू झालेली कथा

या जागेची कथा आपल्याला माहीत आहे, पण ती आपण शेवटाकडून सांगतो: गौतम ऋषींनी तप केलं, शंकर प्रसन्न झाले, गंगा आली, ती गोदावरी. तिची सुरुवात मात्र मोठ्या दुष्काळात आहे. शिवपुराणात ती अशी येते: गौतमांनी वरुणाची आराधना केली आणि न आटणारं पाणी मिळवलं. त्या पाण्याच्या आशेने बाकीचे ऋषी तिथे राहायला आले. मग भांडण झालं, आणि ते तत्त्वज्ञानावरून झालं नाही. आधी पाणी कुणी भरायचं, यावरून झालं. त्या भांडणातून द्वेष, द्वेषातून कपट, कपटातून ती मायावी गाय आणि गोहत्येचा आळ. ज्यांनी गौतमांचं पाणी प्यायलं त्यांनीच त्यांना आश्रमातून घालवलं. प्रायश्चित्त म्हणून जे सांगितलं गेलं त्यात ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणाही होत्या.

म्हणजे आपण आज जी फेरी घालतो तिच्या मुळाशी पाण्याचं भांडण आहे. आणि शंकर प्रसन्न झाल्यावर गौतम काय मागतात? स्वतःची निर्दोष सुटका मागून ते थांबत नाहीत, गंगा मागतात, सगळ्यांसाठी. ज्यांनी छळलं त्यांच्याबद्दल ते म्हणतात की त्यांच्यामुळेच तर मला तुमचं दर्शन झालं. फेरीचं फळ त्यांनी वाटून टाकलं.

आता आजचं बघा. ब्रह्मगिरी हा पाणलोटाचा डोंगर आहे. पूर्वेला गोदावरी निघते आणि १,४६५ किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला जाते. नाशिककर गंगापूर धरणातून तिचंच पाणी पितात. याच डोंगररांगेतून पश्चिमेला वैतरणा निघते आणि अरबी समुद्राला मिळते. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी तीन, म्हणजे अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि मोडक सागर, याच नदीवर आहेत. हे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण मुंबईत राहतात. सकाळी तुम्ही देवाला ज्या तांब्यातून अर्घ्य देता, त्यात वैतरणेचं पाणी असण्याची शक्यता बरीच आहे.

आणि ज्या डोंगरावर इतका पाऊस पडतो, तिथल्या कित्येक पाड्यांवर चैत्र-वैशाखात बायका हंडे घेऊन पाण्यासाठी वणवण करतात. ब्रह्मगिरीच्या अंगावरच मेटघर किल्ल्याची वस्ती आहे. मेट म्हणजे किल्ल्याच्या घेऱ्यातली चौकी. तिथल्या बायका खोल विहिरीत उतरून तळाचं पाणी भरतात, त्या बातम्या तुम्ही उन्हाळ्यात पाहिल्या असतील. श्रावणात आपण जातो तेव्हा सगळं हिरवं असतं, म्हणून हे दिसत नाही. पडलेला पाऊस कातळावरून धावत खाली जातो, धरणात अडतो आणि आपल्या नळाला येतो. डोंगर तसाच कोरडा मागे राहतो.

आता सोळावा श्लोक परत वाचा. अन्न, पाऊस, यज्ञ, कर्म. ब्रह्मगिरीच्या वाटेवर ते चक्र डोळ्यांना दिसतं. खाचरात अन्न, डोक्यावर पाऊस. आणि त्या साखळीतून घेणारा, पण परत काही न घालणारा माणूस कोण, तेही दिसतं. बहुतेक वेळा तो रेनकोट घालून चालत असतो.

दोन आक्षेप

इथे दोन आक्षेप येतात. दोन्ही प्रामाणिक आहेत, म्हणून दोन्हींना उत्तर द्यायला हवं.

पहिला आक्षेप भाविकाचा. "भक्ती एकाग्र असावी. प्रदक्षिणेत लक्ष देवाकडे हवं. गावं, पाणी, कचरा या गोष्टी चांगल्या आहेत, पण ते समाजकार्य झालं. फेरीत मन तिकडे गेलं तर फेरी कशाला?" यात तथ्य आहे. डावीकडे बघता बघता उजवीकडचं विसरणं सहज होतं, आणि सेवा करणाऱ्याच्या मनात 'मी' किती पटकन शिरतो ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. पण मला विचारायचंय, की देव फक्त उजवीकडेच आहे हे आपल्याला कुणी सांगितलं? शंकराच्या देवळात आपण सोमसूत्र ओलांडत नाही. पिंडीवरून वाहून येणारं पाणी जिथून बाहेर पडतं, तिथून आपण मागे वळतो, कारण ते पाणी पवित्र आहे. ब्रह्मगिरीला आपण साक्षात शिवाचं रूप मानतो. मग त्याच्या अंगावरून येणारे ओढे काय आहेत? तेही अभिषेकाचंच पाणी. फेरीत ते ओलांडल्याशिवाय गत्यंतर नाही, इतकंच. पण देवळात ज्या पाण्यावर पाय पडू नये म्हणून आपण जपतो, इथे त्याच पाण्यात बिस्किटाचा कागद टाकतो. ही एकाग्रता नाही, हे न बघणं आहे. ते पाणी डावीकडच्या शेतात जातं. उजवीकडचा देव वाहतच डावीकडे जातो.

दुसरा आक्षेप माझ्या ट्रेकर मित्राचा. "एवढंच वाटतं तर फेरी बंद करा. जाण्यायेण्याचा खर्च त्या पाड्याच्या टाकीला द्या." ऐकायला पटतं. पण मेटघर नावाची वस्ती आहे हे घरी बसून किती जणांना कळलं असतं? गाडीतून पहिने बारीचा धबधबा दिसतो, माणूस दिसत नाही. पायी चालताना, पाय दुखत असताना, कुणीतरी "बसा दादा, पाणी घ्या" म्हणतं, तेव्हा ते गाव खूण राहत नाही. देणगी द्यावीच, पण देणगी ज्याला द्यायची त्याचं तोंड तरी बघितलेलं असावं. मात्र मित्राचं एक म्हणणं मान्य करायला हवं: चालल्याने आपोआप काही होत नाही. नाहीतर इतक्या लाखांच्या फेऱ्यांनंतर हा डोंगर आतापर्यंत चकचकीत व्हायला हवा होता. चालणं फक्त दाखवतं. दिसल्यावर काय करायचं ते आपल्यावर असतं, आणि दिसल्यानंतर 'मला माहीत नव्हतं' म्हणायची सोय उरत नाही.

अर्धी राहिलेली फेरी

मागच्या वर्षी फेरीत एक प्रसंग पाहिला. पहिन्याच्या पुढे चिखलात एका आजींचा पाय मुरगळला. त्यांच्या सोबतचे गर्दीत पुढे निघून गेले होते. कॉलेजची दोन पोरं थांबली. त्यांनी आजींना धरून धरून रस्त्यापर्यंत आणलं. तिथल्या एका दादांनी जेवत्या ताटावरून उठून आपली पिकअप काढली आणि आजींना, पोरांना त्र्यंबकला सोडलं. पैसे घेतले नाहीत. म्हणाले, "तुमची फेरी आहे, माझं काय, मी इथेच असतो."

परतीच्या बसमध्ये ती पोरं माझ्या शेजारी होती. त्यातल्या एकाने अगदी कळवळून विचारलं, "दादा, आमची फेरी मोडली ना? पहिलीच होती."

तुम्ही काय उत्तर दिलं असतं?

शास्त्राच्या हिशोबाने सांगायचं तर फेरी पूर्ण झाली नाही. गोल पुरा झाला नाही, आणि खोटं सांगून पुण्य वाढत नाही. ब्रह्मगिरी कुठे पळून जात नाही, पुढच्या सोमवारी परत जावं. पण मी त्यांना निवृत्तिनाथांची आठवण करून दिली. परंपरा सांगते, की विठ्ठलपंत मुलाबाळांसह याच ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करत असताना वाघ समोर आला. पळापळ झाली, निवृत्ती वाट चुकले आणि एका गुहेत शिरले. तिथे गहिनीनाथ भेटले. त्या गुहेत मिळालेला अनुग्रह पुढे ज्ञानदेवांकडे गेला, आणि तिथून आपल्या सगळ्यांपर्यंत आला. त्यांचीही त्या दिवशीची फेरी मोडलीच होती. निवृत्तिनाथांची समाधी आज त्र्यंबकमध्ये आहे, पौषात तिथे वारी भरते.

आणि गीतेच्या दुसऱ्या अध्यायात, चाळिसाव्या श्लोकात, भगवंतांनी भरवसा दिलाय की या मार्गावर केलेली सुरुवात फुकट जात नाही. अर्धवट राहिलं तरी.

मला मात्र त्या प्रसंगात राहून राहून आठवतात ते पिकअपवाले दादा. ते फेरीत नव्हतेच. पण सोळाव्या श्लोकातलं चक्र त्या संध्याकाळी कुणी पुढे फिरवलं असेल तर ते त्यांनी. आपण ज्यांना वाटेवरची खूण समजतो, ते कधी कधी चक्राचा आरा असतात.

मग मिळालं काय?

आता मित्राच्या प्रश्नाकडे येतो. तिथेच परत यायचं, मग काय मिळालं?

कुशावर्त या नावातच उत्तर आहे असं मला वाटतं. आवर्त म्हणजे वळसा, भोवरा. गंगा डोंगरावर प्रकट व्हायची आणि लुप्त व्हायची. शेवटी गौतमांनी कुश गवताने तिला वळसा घालून थांबवलं, ते हे कुंड. पण ती तिथे गोल गोल फिरत राहिली नाही. वळसा घेतला, स्थिर झाली, आणि मग निघाली ती थेट समुद्रापर्यंत, वाटेतल्या प्रत्येक शेताला देत. वळसा हा वाहण्याआधीचा टप्पा आहे.

आपली फेरीही कुशावर्ताजवळ संपते. जागा तीच असते. बदलायचं असतं ते एकच व्हेरिएबल: निघताना मी घेणारा होतो, परतताना मी देणेकरी आहे हे मला कळलेलं असतं. ते कळलं नसेल तर लूप फिरला, पाय दुखले, आणि स्मार्टवॉचवर तीस हजार पावलं जमा झाली. बस.

आजच्या सरावासाठी काही साध्या गोष्टी. या श्रावणात फेरीला जात असाल तर आपला कचरा आपल्याच पिशवीत घरापर्यंत आणा, वाटेतल्या कचराकुंडीवर अवलंबून राहू नका. कणसाचा, काकडीचा भाव करू नका, सांगतील तेवढे द्या. निदान एका गावात पाच मिनिटं बसा आणि विचारा, "मावशी, उन्हाळ्यात पाणी कुठून आणता?" उत्तर ऐका, लगेच सल्ला देऊ नका. आणि जाणं जमणार नसेल तर उद्या सकाळी पेला भरताना, नळ सोडल्यावर, हे पाणी कुठून आलं आणि कुणाला न मिळता आलं, एवढंच मनात आणा. मग प्या. जे मनात येईल, त्यातलं एक काम या महिन्यात करा.

उद्या सतरावा श्लोक घेऊ. तिथे भगवंत अशा माणसाबद्दल बोलतात ज्याला काहीच करायचं बाकी राहिलेलं नाही. आपण अजून तिथे पोचलेलो नाही, त्यामुळे आज सोळाव्यातच थांबू.

हर हर महादेव. राम कृष्ण हरी.